आधी रीत, मग वजन

भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला आणि पुढील काळात त्याच्या आसपास लहानमोठे उद्योग उभे राहिले. हथखोजचे औद्योगिक क्षेत्र हे त्यांपैकीच एक. अशा ठिकाणी लोखंड उचलणे हा अनेकांच्या पोटापाण्याचा भाग असतो. संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊन पुन्हा लोखंडच उचलायचे, ही कल्पना तेथील कामगाराला प्रथम विचित्र वाटते. “दिवसभर ओझी वाहतो, मग वेगळा व्यायाम कशाला?” असे तो विचारतो. काही तरुण याच्या उलट टोकाला जातात. ओझ्याची सवय असल्यामुळे आपल्याला शिकण्यासारखे काही उरलेले नाही, असे समजून ते पहिल्याच दिवशी जड वजनाला हात घालतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. वजन उचलणे ही एक विद्या आहे आणि ज्याचे पोट शरीराच्या बळावर चालते, त्याला तर या विद्येची गरज सर्वांत अधिक आहे.

कामातील ओझे आणि व्यायामातील वजन यांत मूलभूत फरक आहे. कामातील ओझे माणसाची ताकद पाहून ठरत नाही. ते जेवढे असेल तेवढे उचलावे लागते. ते बहुधा एकाच खांद्यावर येते, एकाच रीतीने शेकडो वेळा उचलले जाते आणि थकवा आला म्हणून थांबता येत नाही. व्यायामातील वजन मात्र आपल्या शक्तीप्रमाणे निवडता येते, दोन्ही अंगांवर समान घेता येते, हळूहळू वाढवता येते आणि त्यानंतर विश्रांती देता येते. म्हणूनच ओझे शरीराला झिजवते, तर रीतीने उचललेले वजन शरीर घडवते.

नवशिक्याने पहिला धडा घ्यायचा तो पद्धतीचा. पाय खांद्याएवढ्या अंतरावर ठेवावेत, वजन शरीराच्या जवळ असावे, पाठीचा कणा सरळ ठेवून गुडघे व कमरेच्या सांध्यात वाकावे आणि पायांच्या जोरावर उठावे. पाठीला बाक देऊन किंवा वजन हातात असताना कंबर पिळून उचलणाऱ्याच्या पाठीत उसण भरली, तर त्यात नवल नाही. स्पर्धेतील पुरुषांचा रिकामा दांडा २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो. सुरुवातीला त्या रिकाम्या दांड्यावर, किंवा त्याहूनही हलक्या काठीवर, हालचाल घोटून घ्यावी. यात कमीपणा मानू नये. अक्षर वळणदार होण्यासाठी आधी पाटीवर गिरवावे लागते, तसेच हे आहे.

दुसरा धडा संयमाचा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते. ही वाढ मुख्यतः स्नायू मोठे झाल्यामुळे होत नाही. मेंदू व मज्जातंतू स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागतात, म्हणून ती होते. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र स्नायूंच्या मानाने सावकाश बळकट होतात. नेमक्या याच काळात उत्साहाच्या भरात वजन वाढवले, तर सांध्यांवर भार पडतो. दर खेपेला थोडीशी वाढ करावी आणि केलेल्या व्यायामाची नोंद वहीत ठेवावी. शेजारच्याने किती उचलले यापेक्षा आपण मागच्या महिन्यात किती उचलले होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

नामवंत खेळाडूंनाही हा खेळ धोक्यापासून मुक्त ठेवत नाही. सांगलीच्या संकेत सरगरचे वडील पानाची टपरी व चहाचे दुकान चालवत. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात संकेतने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो वजन उचलले. पुढच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. त्याची बेरीज २४८ किलो झाली. सुवर्णपदक २४९ किलोंना गेले. वर्षानुवर्षे सराव केलेल्या शरीरालाही मर्यादा असते, तर कालपरवा सुरुवात करणाऱ्याने अधिक सावध असायला नको काय? श्रमाने येणारा थकवा आणि सांध्यात उठणारी तीव्र कळ यांतला फरक त्याने ओळखला पाहिजे. थकवा सोसावा, कळ आली की वजन खाली ठेवावे.

अपयश पचवणे हाही या शिक्षणाचा भाग आहे. मणिपूरच्या मीराबाई चानूने लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तिचे तिन्ही प्रयत्न फसले. तीच मीराबाई २०२१ मध्ये टोकियोत एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदकाची मानकरी ठरली. हा खेळ पुरुषांचाच, हा समजही आता सोडून द्यावा. २०२२ मध्ये ग्रीसमध्ये झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने सुवर्णपदक मिळवले, तर भिलाईपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादवने रौप्यपदक पटकावले.

तिसरा धडा आहार आणि विश्रांतीचा. शरीर व्यायामाच्या वेळी नव्हे, तर त्यानंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत सावरते व बळकट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. रोजच जड वजन उचलण्याचा अट्टाहास नको. डाळ, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून प्रथिने मिळतात. महागड्या डब्यांवर मजुरी उधळण्याची गरज नाही. झटपट शरीर कमावण्यासाठी कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या पुढे केल्या, तर त्याला ठाम नकार द्यावा. अशी संप्रेरके हृदय आणि यकृत यांना अपाय करू शकतात. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा पाठीचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामगाराने शरीर बळकट करावे, याचा अर्थ त्याच्यावर वाटेल तेवढे ओझे लादावे असा नाही. दुखापत होईल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्यात म्हटले होते. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. ओझे हलके करणे, हातगाडी किंवा यारी पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे; व्यायाम हा त्यास पर्याय नव्हे. अपुरे जेवण आणि अपुरी झोप घेऊन लांबलचक पाळी करणाऱ्याने त्यावर जड व्यायामाची भर घालणेही शहाणपणाचे नाही. त्याने आधी विश्रांती घ्यावी.

तरीही पद्धतीचा धडा सर्वांच्याच कामाचा आहे. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, पाण्याने भरलेली बादलीही हलकी नसते. दांड्यापुढे उभे राहून शिकलेली रीत कारखान्यात, शेतात आणि घरातही पाठीचे रक्षण करते. पदके थोड्यांच्याच वाट्याला येतात. पण साठाव्या वर्षी नातवाला सहज कडेवर उचलून घेता येणे, हे भाग्य पुष्कळांना मिळू शकते. त्यासाठी पहिल्या दिवशी किती वजन उचलले यापेक्षा ते कसे उचलले, याला महत्त्व द्यायला हवे.