तंबू घेताना अंथरुणं मोजा

दिवाळी सरली, भाताची कापणी उरकली की पवना, मुळशी, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तंबू दिसू लागतात. पूर्वी हे कॉलेजच्या मुलांचं काम होतं. आता आजी-आजोबा, मांडीवरचं लेकरू, भाकरी-पिठल्याचे डबे असं अख्खं घर गाडीतून उतरतं. हे फार चांगलं झालं आणि ते आणखी वाढावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच मोठा तंबू विकत घेण्याआधी आणि तो पहिल्यांदा लावण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या. तंबू हे शेवटी कापड आहे. ते दव अडवतं, हलका पाऊस अडवतं, साप-विंचू बाहेर ठेवतं. पण ओढ्याचा लोंढा, वीज आणि आत कोंडलेला धूर यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

आधी आकाराचं बोलू. तंबूवर ‘चार माणसांचा’ असं छापलेलं असतं, तेव्हा चार अंथरुणं एकमेकांना अगदी खेटून धरलेली असतात. माणशी रुंदी पंचावन्न-साठ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम दोन फूट. त्यात झोपेत कूस बदलणारे वडील नसतात, आईच्या औषधांची पिशवी नसते, पाण्याचा कॅन नसतो. म्हणून छापलेल्या आकड्यातून दोन माणसं वजा करा. चौघांसाठी सहाचा, सहाजणांसाठी आठचा. दुकानात जाण्याआधी घरच्या हॉलमध्ये, नेणार तीच अंथरुणं पसरा, शेजारी बॅगा ठेवा आणि टेपनं मोजा. चौघांना नुसतं झोपायलाच आठ फूट बाय सात फूट लागतात. तो कागद खिशात ठेवून दुकानात जा आणि तंबूच्या आतल्या खोलीचं माप विचारा, बाहेरून बाहेरचं नको.

घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर उंची बघाच. साधा घुमटाकार तंबू मधोमध चार-साडेचार फुटांचा असतो. त्यात रांगत शिरावं लागतं, आणि ते साडी नेसलेल्या सत्तरीच्या बाईला दर वेळी करायला लावणं बरं नव्हे. उभं राहता येईल असा सहा-सव्वासहा फुटांचा तंबू घरच्या सगळ्यांसाठी सोयीचा. मात्र उंच भिंतीला वाराही तेवढाच जास्त लागतो आणि असा तंबू दहा-पंधरा किलोंचा असतो. तेव्हा तो गाडी जाते तिथंच न्यायचा. कड्याच्या माथ्यावर, पठाराच्या धारेवर नाही. गडावर चढून जायचं असेल तर लहान तंबू वेगळे आणि तो बेतही वेगळा.

मोठ्या तंबूंमध्ये एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पुढे प्रशस्त ‘हॉल’ आणि मागे झोपायची खोली, अशी रचना असते. पुष्कळदा त्या हॉलला शिवलेला तळ नसतो, आवरणाच्या कडा नुसत्या जमिनीला टेकलेल्या असतात. माणसं जास्त झाली की मुलांना तिथं झोपवलं जातं. तसं करू नका. मण्यार रात्री फिरणारा साप आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो, दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, माणूस पुन्हा झोपी जातो. पोटात दुखणं, पापण्या जड होणं नंतर सुरू होतं. ज्या खोलीचा तळ भिंतींना शिवलेला आहे आणि जिची चेन शेवटपर्यंत बंद होते, तिथंच सगळ्यांनी झोपायचं. रात्री बाहेर जाऊन आलेल्यानं चेन पूर्ण ओढायची, अर्धी नाही. चपला आणि बूट सकाळी झटकून मगच घालायचे. दंशाची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. विंचवाच्या बाबतीतही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, त्यानं कोकणात असंख्य जीव वाचले. पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचायला हवा. तेव्हा मुक्कामाच्या जागेपासून सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

कापड बघताना वॉटरहेडचा आकडा विचारा. २००० मिलिमीटर म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा भार कापड पेलतं, मग झिरपतं. वरच्या आवरणाला २०००च्या आसपास पुरे. तळाला ३०००च्या वर हवं, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकवतो तेव्हा तिथं भलताच दाब पडतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून पाहा. तंबू दोन पदरी घ्या. चार-सहा माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभरात थंड कापडावर जमते आणि पहाटे ठिबकते. एकपदरी तंबूत ती अंगावर येते आणि माणसं म्हणतात, तंबू गळका निघाला. दोन पदरांत ती वरच्या आवरणाच्या आतून ओघळून बाहेर जाते. फक्त दोन्ही पदर एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत आणि वरची जाळी थंडी वाजते म्हणून बंद करायची नाही. थंडीला एक जास्तीची चादर घ्या. खालून येणारा गारवा जास्त छळतो, म्हणून पांघरुणाआधी खाली घालायच्या चटईचा विचार करा. काठ्या ॲल्युमिनियमच्या असतील तर उत्तम. फायबरच्या स्वस्त, पण उभ्या चिरतात. चिरलेल्या काठीवर सरकवायची नळी आणि चिकटपट्टी बरोबर असू द्या. दोन दारांचा तंबू मिळाला तर तोच घ्या, म्हणजे रात्री उठणाऱ्याला सगळ्यांच्या अंगावरून जावं लागत नाही.

पहिल्यांदा तंबू लावायचा तो सोसायटीच्या गच्चीवर किंवा मैदानात, दिवसाउजेडी, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून. एकट्या बाबांना तो येऊन उपयोग नाही. काठ्यांच्या आत रबरी दोरी असते. काठी बाहीतून नेताना ढकलायची, ओढायची नाही. ओढली की सांधे आतल्या आत सुटतात. सोडवताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करायची, म्हणजे रबरावर दोन्हीकडे सारखा ताण येतो. आणि तळाच्या खुंट्या ठोकताना सगळ्या चेन बंद ठेवायच्या. उघड्या ठेवून कोपरे ताणले तर नंतर चेन जुळत नाही, कुणीतरी ती जोरानं ओढतं आणि दात सुटतात. मोठ्या तंबूत सर्वांत आधी बिघडते ती चेनच. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, पण वरून पाण्याचा पाइप धरून आत बसून पाहता येतं. थेंब कुठून येतो ते तिथं कळलेलं बरं.

जागेचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण खरा धोका तंबूपेक्षा जागेत असतो.

आधी परवानगी. धरणाकाठची जमीन कुणा शेतकऱ्याची असते, नाहीतर सरकारची. गावात जाऊन विचारा, मालकाला पैसे द्या. भंडारदऱ्याभोवतीचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथं वन खातं सांगेल तेच. गावात विचारण्याचा दुसरा फायदा असा, की पाणी कुठवर येतं, बिबट्या कुठून उतरतो, वारा कुठला सुटतो, हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं. त्यानं ‘इथं नको’ म्हटलं तर वाद घालू नका.

कापणी झालेलं भाताचं खाचर दिसायला तंबूसाठीच केल्यासारखं असतं. सपाट, मऊ, चहूबाजूंनी बांध. पण ते खाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेलं आहे. अवकाळीची एक जोरदार सर आली की बांधाच्या आत पाणी साचतं आणि मधोमध तुम्ही. शिवाय भाताची धसकटं वाळली की टोकदार होतात आणि नव्या तंबूच्या तळाला भोकं पाडतात. त्यापेक्षा थोडी उताराची, निचऱ्याची जागा बरी. डोकं चढाकडे करून झोपायचं. खाली ताडपत्री घालाल ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच दुमडा. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेला पाऊस सरळ तुमच्या पाठीखाली येतो.

कोरडा ओढा, नदीचं वाळवंट, धबधब्याखालचा खडक इथं तंबू नको म्हणजे नको. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली निरभ्र आकाशाखाली येऊन पोचतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं भरदिवसा, लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. रात्री तंबूत झोपलेल्यांना तेवढाही वेळ मिळत नाही. धरणाखालच्या नदीपात्रात तर पाऊस नसतानाही पाणी वाढतं, कारण शेतीसाठी आवर्तन सुटतं. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी. पात्रात मुक्काम करणाऱ्याला आवर्तनाची तारीख कोण सांगणार? वरच्या बाजूला, जलाशयाच्या काठी, पाणी ओसरल्यावर जो गुळगुळीत पट्टा उघडा पडतो तो गाळ असतो. त्यावर गाडी घातली की रुतते.

डोक्यावरही पाहा. वाळकी फांदी, नारळाचं झाड आणि कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ, या तिन्हींखाली थांबायचं नाही. मोहोळाच्या जवळ शेकोटीचा धूर गेला तर लहान मुलांना घेऊन पळणंही जमत नाही.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या मुरमाड जमिनीत पहिल्याच घावाला वाकतात. लोहाराकडून आठ मिलिमीटरच्या सळईच्या फूटभर लांबीच्या, डोकं वळवलेल्या खुंट्या करून घ्या, आणि बरोबर हातोडी असू द्या. खुंटी तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून दूर झुकलेलं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर कुठलीच खुंटी शिरत नाही, तिथं दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधायच्या. समुद्रकाठच्या वाळूत पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती पिशवी हात-दीड हात खोल पुरायची. ती घट्ट बसते. भरतीची रेषा ओल्या वाळूवरून नव्हे, वाळलेल्या शेवाळ-काड्यांच्या ओळीवरून ओळखा आणि तिच्याही बरंच वर राहा. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. आणि सगळ्या दोऱ्या ताणा, आकाश कितीही स्वच्छ असलं तरी. दोऱ्यांना जुन्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, नाहीतर अंधारात पहिलं धावणारं मूल त्यात अडकून पडेल.

आता आगीबद्दल. हे प्रत्येक घरानं पाठ करावं. तंबूत शेगडी नाही, स्टोव्ह नाही, मेणबत्ती नाही, मच्छर अगरबत्ती नाही. पुढच्या हॉलमध्येही नाही. पाऊस आला म्हणून चहा आत करायचा नाही. तंबूचं कापड पाहता पाहता वितळतं हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे निखारे. थंडी वाढली की कुणीतरी म्हणतं, शेकोटीतले विझत आलेले निखारे घमेल्यात घालून आत ठेवू, आजीला ऊब मिळेल. विझत आलेल्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन इथं हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यांत चार मुलं होती. ती तर चांगली मोठी खोली होती. आजीला थंडी वाजत असेल तर जाड बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळून पायाशी द्या, कानटोपी घाला, नाहीच भागलं तर गावात घर बघा. शेकोटी तंबूपासून वीसेक फूट दूर आणि वारा तंबूकडून शेकोटीकडे जाईल अशी, कारण एक ठिणगी वरच्या आवरणाला भोक पाडते. झोपण्याआधी पाणी ओतून राख हातानं गार लागेपर्यंत विझवा.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल, मेच्या अखेरीस काजवे पाहायला म्हणून पुष्कळजण जातात, तर दुपारनंतरच्या वळवाच्या पावसाची विजेसकट तयारी ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. ते निघण्याआधी फोनमध्ये घ्या. चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. तंबू तिच्यापासून कसलंही रक्षण करत नाही. सगळ्यांनी गाडीत बसायचं, काचा वर करायच्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच राहायचं. तंबू उडाला तर उडू द्या. भर पावसाळ्यात घाटमाथ्यावर मोठा तंबू नेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

परतताना कचरा सगळा गाडीत भरून न्या. ज्या शेतकऱ्यानं जागा दिली त्याच्या गुरांच्या पोटात तुमची प्लॅस्टिकची पिशवी जायला नको. तंबू पहाटेच्या दवानं ओला असतो, तो तसाच गुंडाळावा लागला तरी घरी पोचल्या दिवशीच गच्चीवर सावलीत उघडा करून वाळवा. मुंबईच्या, कोकणच्या दमट हवेत ओला राहिलेला तंबू थोड्याच दिवसांत बुरशी धरतो आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटायला लागतो. मग तो दुरुस्त होत नाही. वॉशिंग मशीन आणि साबणाची पावडर त्याला लावू नका, ओल्या फडक्यानं पुसा. चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा. कंपनीच्या घट्ट पिशवीत वर्षभर दाबून ठेवण्यापेक्षा उशीच्या जुन्या खोळीत किंवा सुती चादरीत सैल गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, आणि खुंट्या मोजून, माती पुसून वेगळ्या पिशवीत. एखादी कमी भरली तर लोहाराकडे तेव्हाच सांगून ठेवा.