सेफगार्ड म्हणजे सवलत नव्हे



आपल्या वस्तीतल्या एका पोरानं परवा मला विचारलं, ‘काका, फॉर्मवर जात लिहायची लाज वाटते. मला ती सवलत नकोच. ओपनमधून लढतो.’ पोरगं हुशार आहे. बाप गवंडीकाम करतो, आई चार घरची धुणीभांडी. त्याला ओपनमधून लढायचं तर खुशाल लढावं, त्याला कोण अडवतंय? पण त्याच्या तोंडी ‘सवलत’ हा शब्द आला आणि माझ्या पोटात कालवलं. कारण हा शब्द माझ्याही मानेवर बसलेला होता. तो उतरवायला मला वीस वर्षं लागली.

१९७८ साली मी कॉलेजात नाव घालायला गेलो. कोणतं कॉलेज ते सोडा. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म बघितला, मान वर न करता ओरडला, ‘सवलतवाले तिकडं! फीवाले हिकडं!’ रांगेतली पन्नास डोकी माझ्याकडं वळली. मी मुकाट्यानं तिकडं गेलो. तिकडं आम्ही अकरा जण होतो. अकराही जण जमिनीकडं बघत उभे. आम्ही काय चोरी केली होती? काहीच नाही. एका शब्दानं आम्हाला चोर केलं होतं.

म्हणून आज त्या शब्दाचा पंचनामा करायचाय. बाबासाहेबांनी आपल्यासाठी जो शब्द वापरला तो ‘सवलत’ नव्हता. तो होता ‘सेफगार्ड’. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढं निवेदन दिलं, त्याच्या मथळ्यातच हा शब्द आहे. १९३० साली लंडनला गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर रेट्टमलई श्रीनिवासन यांनी जो मसुदा ठेवला, तोही ‘राजकीय सेफगार्ड्स’चाच. बाबासाहेब शब्द उगाच उचलणारा माणूस नव्हता. तेव्हा हा शब्द मुळात आला कुठून, ते बघू.

इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. ‘सोव्हगार्द’. सोव्ह म्हंजे धडधाकट, इजा न झालेला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये. गार्द म्हंजे पहारा. या ‘गार्ड’चा सख्खा भाऊ इंग्रजीत आधीपासून होता, ‘वॉर्ड’. दोघांची आई एकच. म्हणून गार्डियन आणि वॉर्डन हेही भाऊच. दवाखान्याचा वॉर्ड, म्युन्सिपालटीचा वॉर्ड आणि तुरुंगाचा वॉर्ड, सगळं एकाच पोटातलं. राखणं आणि कोंडणं यात इंग्रजाच्या भाषेत भिंत फार पातळ आहे. आपल्या गावातही पातळच होती.

आता त्याचे जुने अर्थ घ्या.

पहिला अर्थ लढाईतला. फौज मुलखात शिरली की लुटालूट ठरलेली. तेव्हा एखाद्या घराला, मठाला, गावाला सेनापती लेखी हुकूम द्यायचा किंवा दारावर आपला शिपाई उभा करायचा, की याला कोणी हात लावायचा नाही. त्या हुकमाला आणि त्या शिपायालाच सेफगार्ड म्हणत. आपल्याकडं मराठी दप्तरात कौलनामा आणि अभयपत्र आहे, साधारण त्याच घरातलं. पण खरी गोष्ट पुढं आहे. तो सेफगार्ड मोडणारा आपल्याच फौजेतला असला तरी त्याला मरणाची शिक्षा असे. अमेरिकेच्या लष्करी कायद्यात हे कलम आजसुद्धा आहे आणि शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकते. म्हंजे सेफगार्डची किंमत कागदावर ठरत नाही. मोडणाऱ्याचं काय होतं, त्यावर ठरते.

दुसरा अर्थ बायकांच्या कपड्याचा. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडातल्या खानदानी बाया घोड्यावर बसताना भारी झग्यावर एक वरचा घागरा चढवायच्या. रस्त्याचा चिखल, धूळ अंगावर उडू नये म्हणून. त्या घागऱ्यालाही सेफगार्ड म्हणत! हसू नका. हा अर्थ नीट ध्यानात ठेवा. इथं रक्षण होतंय ते घोड्यावर बसणारीचं. चिखलात पायी चालणाऱ्या माणसाचं नाही.

तिसरा अर्थ आपल्या काळातला. १९६९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी क्षेपणास्त्रं अडवणारी एक योजना जाहीर केली. नाव ठेवलं सेफगार्ड. आधीची योजना शहरांच्या राखणीची होती. ती बदलली. ही नवी योजना मुख्यतः अमेरिकेची स्वतःची अण्वस्त्रं राखायला होती. म्हंजे माणसं नाही राखायची, बॉम्ब राखायचे. नॉर्थ डकोटात एकच तळ पुरा झाला, १९७५ साली सुरू झाला आणि १९७६ साली बंद. डॉलर मातीत.

तेव्हा हा शब्द कोणीही उच्चारला की तीन सवाल टाकायचे. राखण कोणाची? कोणापासून? आणि मोडलं तर मोडणाऱ्याचं काय?

हे सवाल घेऊन १९३१ सालात चला. मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, अल्पसंख्याक, हिंदुस्थानची पत आणि देणी यासाठी सेफगार्ड्स राहतील असं लिहिलं. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नर जनरलच्या हाती खास जबाबदाऱ्या दिल्या, त्यालाही लोक सेफगार्ड्सच म्हणत. सनदी नोकरांचे हक्क राखायचे, विलायती मालाला भेदभावाची झळ लागू द्यायची नाही, तिजोरीची पत सांभाळायची. आणि त्याच यादीत अल्पसंख्याकांचं हितही टाकलेलं. साहेबाचा माल आणि आमचं मरण एकाच पिशवीत. हा घोड्यावरल्या बाईचा घागरा. राखण साहेबाची, आणि चिखल म्हंजे आपण सगळे.

त्याच काळात, त्याच लंडनमध्ये बाबासाहेबांच्या तोंडी तोच शब्द. पण अर्थ उलटा. १९३० च्या त्या मसुद्याची सुरुवातच अटींची आहे. स्वराज्य येणार, बहुमताचं राज्य येणार. त्या राज्याखाली यायला अस्पृश्यांची संमती हवी असेल तर या अटी पाळा, असा त्याचा रोख. समान नागरिकत्व, समान हक्कांचा विनाअडथळा वापर, भेदभावापासून संरक्षण, कायदेमंडळात आणि नोकऱ्यांत पुरेसं प्रतिनिधित्व, हिताची हेळसांड झाली तर दाद, सरकारात खास खातं, मंत्रिमंडळात जागा. आठ अटी. बघा, यात कुठं ‘द्या हो माय’ आहे? भीक मागणारा अटी घालत नाही. अटी घालतो तो करार करणारा. सेफगार्ड हा कराराचा शब्द आहे.

आणि तिसरा सवाल बाबासाहेब विसरले नव्हते. हक्क मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे त्यांनी तिथंच लिहिलं. एवढंच नाही, बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. महाराला, मांगाला, चांभाराला गाव मारायला उठत नाही दरवेळी. किराणा बंद करतं, मजुरी बंद करतं, वाट बंद करतं. हत्याराविना मारतं. म्हणून त्यांनी ब्रह्मदेशाचा १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढला आणि त्यातली कलमं उचलून मसुद्यात घातली. कुठला रंगून, कुठलं महाड! पण माणसानं शोधलं.

मग पुढं काय झालं? २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. निवडून देणारी मतं मात्र सगळ्या गावाची. १९५० साली घटना आली. कलम १७ नं अस्पृश्यता गाडली. कलम ३३८ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या ‘सेफगार्ड्स’ची चौकशी करणारा अधिकारी नेमला, आता त्याच कलमाखाली आयोग आहे. शब्द घटनेत शाबूत आहे दोस्तांनो, आजही. आणि मोडणाऱ्याचं काय? १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा काढून वाचा. बहिष्काराचा शब्द त्यात आला, पण शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, नाहीतर दोन्ही. फौजेचा सेफगार्ड मोडला तर मरण, आमचा मोडला तर पाचशे रुपये. १९८९ साली अॅट्रॉसिटीचा कायदा आला, त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार असा थेट गुन्हा म्हणून घालायला २०१५ ची दुरुस्ती लागली; ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. १९३० ते २०१६. मोजा बोटावर.

आणि २० मार्च २०१८ ला तर कमालच झाली. तारीख बघा, चवदार तळ्याची. त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटीच्या कायद्यावर निकाल दिला. कायद्याचा गैरवापर होतो म्हणून आरोपीला सेफगार्ड्स हवेत! सरकारी नोकराला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्याची परवानगी, इतरांना करायची तर पोलीस अधीक्षकाची, आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी होऊ शकेल. आमचा शब्द आमच्याच अंगावर. निर्दोषाला अटक व्हावी असं मी म्हणत नाही. पण खून, दरोडा, चोरी, कुठल्या कायद्याचा गैरवापर होत नाही? मग खास परवानगीची कडी आमच्याच दाराला का? २ एप्रिलला देश बंद झाला, रस्त्यावर माणसं मेली, तेव्हा संसदेनं त्याच वर्षी १८-अ कलम घालून ती कडी काढली आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानंही ते आदेश मागं घेतले. ज्यांना वाटतं शब्दाच्या अर्थावर भांडणं हे प्राध्यापकाचं काम, त्यांनी हे दीड वर्ष आठवावं.

आता मूळ सवालावर येतो. सेफगार्डची सवलत केली कोणी?

त्यांनी केली, हे सोपं उत्तर. करार केलेला माणूस हक्कानं मागतो, त्याला नाही म्हणता येत नाही. सवलत घेणाऱ्याला ‘अजून किती दिवस?’ असं विचारता येतं. ‘सरकारचे जावई’ म्हणता येतं. २०१९ साली सवर्ण गरिबांना दहा टक्के दिले, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न गरिबी ठरली. त्या पोरांना कुणी ‘जावई’ म्हणालेलं माझ्या तरी कानावर नाही. कुणी म्हणूही नये. पण मग आम्हालाच का?

पण सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. आपणही केली. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि अनुसूचित जातींच्या केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडलं. या चौतीस वर्षांत आपण मोर्चे काढले आणि घोषणा काय दिल्या? ‘सवलती मिळाल्याच पाहिजेत!’ मीही दिल्यात, घसा फोडून. आपले पुढारी जयंतीच्या स्टेजवर अजून तेच बोलतात. मागणी हक्काची आणि शब्द भिकेचा. समोरच्यानं शब्द ऐकला आणि तसंच वागवलं.

माझा आजा गावचा वेसकर. आजी सांगायची, ‘आरं, समदं गाव झोपायचं नि तुजा आजा येशीवर जागा ऱ्हायचा. चोर आला, वाघ आला तरी पयला ह्योच. आन सकाळच्याला घरोघर भाकर मागायला लावायचे. वाढणारी म्हनायची, घे, तुला दान.’ बघा, इंग्रजाचा गार्ड म्हंजे पहारेकरी. गावाचा गार्ड आम्हीच होतो. पिढ्यान्‌पिढ्या राखण आम्ही केली, तिची मजुरी म्हंजे ती भाकर. पण तिला मजुरी म्हटलं असतं तर हिशेब द्यावा लागला असता. म्हणून दान म्हटलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते याच हिशेबापायी. वतन कायद्यानं गेलं, पण ती वाढणारी गेली नाही. ती कारकून झाली, खिडकीत बसली. ‘घे, तुला सवलत.’

म्हणून त्या पोराला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ओपनमधून लढ, जिंक, पेढे आण. पण लाजेनं फॉर्म कोरा ठेवू नको. तुझ्या बापजाद्यांनी ज्या अटींवर या देशात नांदायचं कबूल केलं, त्यातली एक अट तू भरतोयस. करारावर सही करताना कोणी लाजतं का?

आणि तुम्ही कार्यकर्ते, एक काम उद्यापासून करा. पत्रकात, निवेदनात, भाषणात ‘सवलत’ शब्द दिसला की खोडा. ‘हक्काची हमी’ लिहा, ‘घटनेची अट’ लिहा, नाहीतर सरळ सेफगार्ड लिहा, आता तो आपलाच आहे. तहसीलदाराकडं गेलात, ठाण्यात गेलात, तर ते तीन सवाल खिशात असू द्या. पहिल्या दोन सवालांना साहेब खुर्चीत रेलून गोड उत्तर देईल. तिसऱ्याला उठून उभा राहील. ‘मोडणाऱ्याचं काय केलंत?’ उत्तर लेखी घ्या, तारखेसकट.

पोरानं काल फॉर्म भरला. रकाना भरताना त्यानं पेन दाबून धरलं होतं, कागद जवळजवळ फाटलाच. मी म्हणालो, ‘हळू.’ तो म्हणाला, ‘नाही काका, खालच्या कार्बनवर उमटलं पाहिजे.’

जयभीम.