एरंडाची गादी

परवा नवी गादी बघायला घाटकोपरच्या एका दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने एका गादीवर थाप मारली. "काका, ही घ्या. एकदम नॅचरल, एरंडेलाची!"

एरंडेल म्हटले की आमच्या पिढीला आठवतो तो नाक दाबून घेतलेला घोट! मी विचारले, "एरंडेल किती टक्के?" तो नुसता हसला.

प्रश्न उगीच नव्हता. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. तो पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रव्यांच्या संयोगातून फुगतो. दोन्ही सहसा खनिज तेलापासून येतात. त्यातल्या पॉलिऑलची जागा वनस्पती तेल घेऊ शकते. फोर्डने २००८ च्या मस्टँग मोटारीच्या आसनांत सोयाबीन तेलाचा फोम वापरला. पण सोयाबीन तेलात संयोगासाठी लागणारे हायड्रॉक्सिल गट आधी प्रक्रिया करून बसवावे लागतात. एरंडेलात ते जन्मजातच असतात! शिवाय ते खायचे तेल नाही, म्हणजे फोडणीत वाटेकरी नाही. आणि जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती भारतात, त्यातही मुख्यतः शेजारच्या गुजरातेत. 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणून आपण ज्याला हिणवले, त्याने इथे खरोखर मान मिळवला आहे.

पण म्हणून ती गादी 'नॅचरल' झाली का? आयसोसायनेट खनिज तेलाचेच. मऊ फोमसाठी एरंडेलही बहुधा खनिज पॉलिऑलमध्ये मिसळूनच वापरतात. आणि असा फोम कापसासारखा सहजी कुजत नाही.

पूर्वी चाळीत पिंजारी यायचा. तारेचा टणत्कार ऐकू आला की गाद्या खाली जायच्या, जुनाच कापूस पुन्हा फुलायचा. आमची फोमची जुनी गादी मात्र दोन महिने गॅलरीत उभी आहे. भंगारवाल्याने हात जोडले. वास्तविक फोमचे तुकडे करून, चिकटवून त्याची पुन्हा गादी करता येते. पण तिथवर ती नेणार कोण?

माझे मत एवढेच : एरंडेल जरूर वापरा, पण लेबलवर टक्केवारी छापा, आणि नवी गादी पोचवायला येणाऱ्या टेम्पोतूनच जुनी परत न्या. हे दोन्ही करणारा दुकानदार भेटेल, त्याच्याकडून मी गादी घेईन. तोवर जमिनीवर सतरंजी आहेच.

असो. एरंडाचे गुऱ्हाळ पुरे!