क्रोध नव्हे, व्याधी

जन्मभर कोणाला अधिक-उणा शब्द न बोललेला सेवानिवृत्त शिक्षक एके दिवशी स्नान घालणाऱ्या सुनेवर हात उगारतो. सहधर्मचारिणीवर चोरीचा आळ घेतो. ‘म्हातारपणी स्वभाव बिघडला,’ असे शेजारी म्हणतात आणि घरची मंडळी लाजेने दार लावून घेतात. स्मृतिभ्रंशाविषयीच्या अज्ञानाचे मोल या बंद दाराआड मोजले जात असते.

हा स्वभावदोष नव्हे, मेंदूची व्याधी आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या एका स्त्रीच्या ठायी डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी विस्मृतीबरोबरच पतीविषयीचा संशय आणि आक्रोश यांचीही नोंद केली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

अशा रुग्णाचा उद्रेक बहुधा निष्कारण नसतो. शब्द हरपलेल्या माणसाला दातदुखी, बद्धकोष्ठ वा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग सांगता येत नाही. ओळख न पटलेला हात कपडे उतरवू लागला की तो भयभीत होतो. वाद घालून त्याची समजूत पटत नाही. उद्रेक केव्हा व कशानंतर झाला याचे टिपण ठेवले, दुखणे तपासून घेतले, स्नानाची वेळ बदलली, समोर येऊन सावकाश बोलले, तर पुष्कळदा वादळ शमते.

गुंगीची गोळी हा सोपा वाटणारा मार्ग निर्धोक नव्हे. तीव्र मनोविकारांवरील नव्या औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. २००८ साली तो जुन्या औषधांनाही लागू केला. कोणाच्या जिवास धोका असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अल्पकाळ द्यावी लागतील. घरच्यांची सोय म्हणून मात्र नव्हे.

परंतु हा सारा संयम अखेर कोणाकडून अपेक्षिला जातो? बहुधा घरातील एकाच स्त्रीकडून. रात्ररात्र जागून मार सोसणाऱ्या तिला शांततेचा उपदेश करणे सोपे आहे. मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली, हे योग्यच झाले. पण ती पेलणाऱ्यास बळ देणे हे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. भावंडांनी पाळ्या वाटून घ्याव्यात, गावोगावी दिवसाची सांभाळ केंद्रे निघावीत, आरोग्य केंद्रात सल्ला मिळावा. रुग्णाची स्मृती कदाचित परत येणार नाही. त्याची प्रतिष्ठा राखणे मात्र स्मृती शाबूत असलेल्यांच्याच हाती आहे.