रानात परत कशाला?

गेल्या उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात शाळेचे 24 विद्यार्थी घेऊन आम्ही तिघे शिक्षक नवेगावबांधला निघालो, तेव्हा फाटकाशीच एका पालकांनी आम्हांला थांबविले. ते म्हणाले, "सर, माझ्या बापाचा जन्म रानात मोळ्या वाहण्यात गेला. मी त्यातून बाहेर पडलो, म्हणून पोराला तुमच्या शाळेत घातले. आता तुम्ही त्याला परत रानात कशाला नेता?" गाडी सुटण्याची वेळ झाली होती. उत्तर न देताच आम्ही निघालो. ते राहिलेले उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याच्या गौरवाचे वाभाडे काढले, ते त्यांनी तो गावगाडा भोगला होता म्हणून. आमच्या वाडवडिलांनी गाव, शेत आणि रान सोडले ते मुक्तीसाठी. शिवाय पक्षीनिरीक्षण म्हटले की डोळ्यांपुढे येते ती जीप, महागडा कॅमेरा आणि सुट्टीचा कंटाळा घालविणारी मंडळी. ज्या घरात पोराच्या वसतिगृहासाठी आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते, त्या घराला हा छंद परका वाटला तर नवल कसले?

आमच्याजवळ दुर्बिणी तीनच होत्या. पहाटे पाच वाजता तलावाच्या पाळीवर जायचे, नऊला ऊन चढले की परतायचे आणि दुपारी झाडाखाली वह्या भरायच्या, असा क्रम ठरला. पहिल्या दिवशी फारसे काही दिसले नाही, कारण आम्ही शिक्षकच अखंड बोलत होतो! दुसऱ्या दिवशी आम्ही तोंड मिटले आणि पक्षी दिसू लागले. हिवाळी पाहुणी बदके केव्हाच उत्तरेला परतली होती. पण कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी होते, पंख पसरून वाळवीत बसलेले पाणकावळे होते. राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला वड-पिंपळाची फळे भरवितो, हे मुलांनी अर्धा तास न हलता पाहिले. नागझिऱ्यात पाणवठ्यावर चितळ आणि गवे दिसले. वाघ दिसला नाही. त्याचे दुःख तासभर टिकले.

मात्र आमचा खरा धडा तिसऱ्या दिवशी झाला. आठवीतील एका विद्यार्थिनीची 'विज्ञानात कच्ची' अशी नोंद आम्हीच केलेली होती. एका पडीक बांधीत टिटवी ओरडू लागताच सगळे तिच्या दिशेने धावले. ही मुलगी मात्र जागीच उभी राहून म्हणाली, "तिकडे नका जाऊ. ती आपल्याला लांब नेते आहे. अंडी इकडे असतील." आणि खरोखरच, आमच्या पावलांपासून दहा हातांवर, खड्यांच्या रंगाची चार अंडी उघड्या जमिनीवर होती. हे तिला तिच्या आजीने शिकविले होते. नंतर तिने भीत भीत विचारले, "सर, हे पुस्तकात आहे का?" आम्ही पुस्तक उघडून दाखविले. होते. तेव्हा जाणवले की, चौदा वर्षांच्या या मुलीला आजीचे ज्ञान ज्ञान वाटत नव्हते. आणि तसे न वाटण्यात आमच्या शाळेचाही वाटा होता.

पाचव्या दिवशी रानाचा एक जळलेला पट्टा लागला. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो आणि ती आग पुढे सरकत जाते. त्याच पाचोळ्यावर रातवा उन्हाळ्यात घरटे न करता अंडी घालतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्ही मुलांना सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाविषयी सांगितले. राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या त्या आज्ञेत पोपट, मैना, चक्रवाक, हंस अशा अवध्य जीवांची यादी आहे. जंगले विनाकारण वा जीवहत्येसाठी पेटवू नयेत, जीव असलेला भुसा जाळू नये, असेही त्यात सांगितले आहे. आम्ही रंगात येऊन बोलत होतो. इतक्यात दोन मुले खाली मान घालून म्हणाली, "सर, आमच्या घरीपण लावतात."

यावर आम्ही काय बोलावे? मोह वेचणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे. तिच्या हाताला तेवढा वेळ नाही, फुलांना भाव नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. मग मुलांनीच हिशेब मांडला: खराट्याने झाडणे, जुने लुगडे वा जाळी अंथरणे, त्याला किती वेळ लागेल, घरातले कोण मदत करील. उपदेशाने जे झाले नसते, ते त्या हिशेबाने झाले. आगपेटीऐवजी खराटा घरी पोहोचला तर तो याच मुलांच्या हातून पोहोचेल.

घुबड आणि टिटवी यांना अशुभ मानणारी घरे आमच्यातही आहेत. संविधानाच्या कलम 51-अ मध्ये 1976 साली आलेली दोन कर्तव्ये लागोपाठ आहेत: एक निसर्गाचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दया, दुसरे वैज्ञानिक दृष्टी. शेतातले उंदीर खाणाऱ्या पिंगळ्याकडे दगड न उचलता पाहणारे मूल ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळीत असते.

तेव्हा त्या पालकांना आमचे उत्तर असे: आपले वडील रानात गेले ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून. आपला मुलगा गेला तो वही घेऊन आणि परत येण्यासाठी. 20 मार्च 1927 रोजी महाडला आपण पाण्यावरचा हक्क बजावला. त्या पाण्यात काय जगते, ते का आटते, हे जाणून घेणे ही त्याच हक्काची पुढची पायरी आहे. आपण गुलामी टाकली; तिच्याबरोबर आजीचे ज्ञानही टाकून द्यावे, असे कोणी सांगितलेले नाही.

हा आठवडा दरवर्षी व्हावा, अशी आमची सूचना आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वनखात्यात वा अध्यापनात आहेत, त्यांनी दोन दिवस द्यावेत. घरी पडून असलेली दुर्बीण असेल तर ती द्यावी. पालकांनी पैसे नव्हे, पाखरांची आपल्या बोलीतली नावे द्यावीत.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते चांदण्यात पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना करते. त्याच सायंकाळी आमच्या मुलांनी विहारात वंदनेनंतर आपली 63 पक्ष्यांची यादी वाचली. मुलाला न्यायला आलेले ते पालक मागे उभे होते. रातव्याचे नाव येताच ते हळूच म्हणाले, "त्याची अंडी पाचोळ्यातच असतात. बापानं दाखविली होती मला."