कंठीरवावरचा विजय आणि त्यानंतरची घसरण

११ ऑक्टोबर २०१७ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर भारताने मकाऊचा ४-१ असा पराभव केला आणि २०१९ च्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेतील आपले स्थान निश्चित केले. २०११ नंतर प्रथमच भारत या स्पर्धेस पात्र ठरला होता. या यशाचे श्रेय मोठ्या प्रमाणात इंग्लिश प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन यांना देण्यात आले. मात्र त्या यशाचा पाया किती भक्कम होता, हा प्रश्न नंतरच्या घटनांनी पुन्हा उपस्थित केला आहे.

परदेशातच घडलेली कारकीर्द

१९६२ मध्ये लंडनमध्ये जन्मलेले कॉन्स्टंटाईन अमेरिकेत क्लब फुटबॉल खेळले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द अकाली संपली आणि ते प्रशिक्षणाकडे वळले. नेपाळ, भारत, मलावी, सुदान आणि रवांडा या देशांच्या राष्ट्रीय संघांना त्यांनी मार्गदर्शन केले. साधने तुटपुंजी आणि अपेक्षा मोठ्या, अशीच यातील बहुतेक ठिकाणची परिस्थिती होती.

भारतात ते प्रथम २००२ मध्ये आले. त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये झालेल्या एलजी चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने यजमानांना ३-२ असे नमवले. २००५ मध्ये त्यांची पहिली कारकीर्द संपली. २०१५ च्या प्रारंभी ते परतले, तेव्हा भारत जागतिक क्रमवारीत १७१ व्या स्थानी होता. मार्चमध्ये तो १७३ व्या स्थानापर्यंत घसरला.

बंगळुरूतील दोन वर्षे

२०१८ च्या विश्वचषक पात्रता फेरीत बंगळुरूच्या याच मैदानावर ओमानने भारताला २-१ आणि इराणने ३-० असे हरवले. आठ सामन्यांत भारताला एकच विजय मिळाला. तोही येथेच, गुआमविरुद्ध १-० असा. गटात भारत तळाला राहिला.

या अपयशाच्या काळातच संघाची पुनर्बांधणी सुरू होती. संदेश झिंगन, प्रीतम कोटल यांच्यासारख्या नवोदितांना संधी देण्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईतील अंधेरी येथे भारताने क्रमवारीत वर असलेल्या प्युर्टो रिकोला ४-१ असे हरवले. जून २०१७ मध्ये सुनील छेत्रीच्या एकमेव गोलमुळे बंगळुरूत किर्गिझस्तानवर विजय मिळाला आणि जुलैमध्ये भारत ९६ व्या स्थानी पोहोचला.

क्रमवारीचे गणित

या झेपेमागे गुणपद्धतीचाही वाटा होता. तेव्हाच्या पद्धतीत पराभवाला शून्य गुण मिळत, तर पात्रता सामन्यातील विजयाचे मूल्य मैत्रीपूर्ण सामन्याच्या अडीच पट धरले जाई. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारतासमोर म्यानमार, किर्गिझस्तान आणि मकाऊ हे संघ होते. मुख्य स्पर्धेतील संघांची संख्याही १६ वरून २४ करण्यात आली होती. विजय खरे होते, पण वाटही पूर्वीपेक्षा रुंद झाली होती.

प्रत्यक्ष स्पर्धेत भारताने थायलंडला ४-१ असे हरवून १९६४ नंतर आशियाई चषकातील पहिला विजय नोंदवला. त्यानंतर संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध पराभव झाला. १४ जानेवारी २०१९ रोजी बहारीनने अखेरच्या क्षणांतील पेनल्टीवर सामना जिंकल्याने भारताचे आव्हान संपले आणि त्याच रात्री कॉन्स्टंटाईन यांनी पद सोडले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पाकिस्तानने कंबोडियाला हरवून विश्वचषक पात्रता फेरीतील आपला पहिला विजय मिळवला.

मागे काय उरले?

भारताची क्रमवारी २०२३ मध्ये पुन्हा शंभरच्या आत आली, पण टिकली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या मैदानांवर खेळलेले माजी मध्यरक्षक खालिद जमील यांच्याकडे संघाची सूत्रे देण्यात आली. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली. नोव्हेंबरपर्यंत भारत १४२ व्या स्थानावर गेला होता.

उपलब्ध खेळाडूंमधून संघ बांधणे आणि त्याला जिंकण्याची सवय लावणे हे राष्ट्रीय प्रशिक्षकाचे काम असते. कॉन्स्टंटाईन यांनी ते अनेक देशांत केले. परंतु जिल्हा पातळीवरील स्पर्धा, वयोगटांच्या लीग आणि स्थानिक प्रशिक्षकांची फळी उभारणे हे काम महासंघ, राज्य संघटना आणि क्लब यांचे आहे. प्रशिक्षक देशी असावा की विदेशी, या वादात हेच काम नेहमी मागे पडते.