मेमरी वाढवून हवी

"मेमरी वाढवून हवी," असं मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात म्हणालो, तेव्हा काउंटरवरच्या पोरानं आधी माझ्या टकलाकडे पाहिलं. शंखपुष्पी पलीकडच्या दुकानात मिळते, असं तो सांगणार इतक्यात मी खिशातला कागद वाचला, "डीडीआर 3, डेस्कटॉपची, 4 जीबी." मी पितळी बंबाची तोटी मागितल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"काका, 2013 चं मशीन? भंगारात घाला. नवीन घ्या."

हेच वाक्य घरी चिरंजीव आठवडाभर ऐकवत होते, आणि माझं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे.

वाचकहो, मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान पडला की कॉम्प्युटर बिचारा परात माळ्यावर ठेवतो, पोळपाट खाली काढतो, पोळी लाटून होते न होते तोच पुन्हा परातीसाठी शिडी चढतो. सोसायटीचा जमाखर्च उघडा असताना ब्राउझर उघडला की माझ्या डब्यातून करकर ऐकू यायची, ती या शिडीची. आता ओटा लहान म्हणून कुणी बिऱ्हाड बदलतं का? कडाप्प्याची आणखी एक फळी टाकतं.

आणि ओटा लहान पडतो तो कुणामुळे? 1969 साली अपोलो 11 माणसं घेऊन चंद्रावर उतरलं, तेव्हा त्यातल्या कॉम्प्युटरची खोडून पुन्हा लिहिता येणारी मेमरी होती सुमारे 4 किलोबाइट. 1995 साली विंडोज 95 ला किमान 4 मेगाबाइट लागायची. 2021 साली विंडोज 11 किमान 4 गिगाबाइट मागत आलं. म्हणजे 26 वर्षांत हजारपट, पुढच्या 26 वर्षांत आणखी हजारपट! चंद्रावर जायचं राहू द्या, मला फक्त मेन्टेनन्सच्या पावत्या काढायच्या आहेत. खादाड पाहुणा आणायचा यांनी, आणि भांडी बदलायची आम्ही!

"पण विंडोज 10 ची देखभाल ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाली," हा चिरंजीवांचा हुकमाचा एक्का. मान्य. विंडोज 11 माझ्या मशीनला उंबऱ्याबाहेरच उभं करतं, हेही मान्य. म्हणून मी फुकटातलं लिनक्स घातलं. पावत्यांना काही फरक कळला नाही.

पोरानं अखेर एका खोक्यातून जुनी पट्टी शोधून दिली. (डीडीआर 4 ची चालत नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते, आणि जोर करून बसवणाऱ्याची अक्कल त्याहून वेगळ्या जागी.) घरी प्लग काढला, डब्याची बाजू उघडली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला. "तुमच्या अंगात वीज?" असं आतून विचारलं गेलं. पट्टी दाबली, बटण दाबलं. पडदा काळा, आणि आतून टी टी टी! चिरंजीवांचा चेहरा उजळला. मी पट्टी काढली, तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबरानं घासले, आणि दोन्ही अंगठ्यांनी पुन्हा अशी दाबली की दोन्हीकडच्या कड्या खट्‌कन मिटल्या. पहिल्या वेळी एकच मिटली होती. कॉम्प्युटर सुरू झाला. 8 जीबी! करकर बंद.

हा अंगठा लावायचा हक्कच आता काढून घेतायत. पुष्कळशा सडपातळ लॅपटॉपांत आणि काही चिमुकल्या डेस्कटॉपांतही मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. कासाराच्या भाषेत, डाख देऊन टाकलेली. त्यानं वीज वाचते, वेग वाढतो, असं सांगतात, आणि ते खोटं नाही. पण ओटा किती लांब हवा, हे लग्नाच्या दिवशीच ठरवायचं, पुढे घरात कितीही माणसं वाढोत, हा कुठला न्याय? कडाप्पा महागला तर थांबेन मी, पण फळी टाकायला जागाच ठेवायची नाही?

परवा चिरंजीव आपला कागदासारखा पातळ लॅपटॉप घेऊन आले. "बाबा, हा फार अडकतोय. याची वाढवता येईल?" मी तो उलटा करून पाहिला, मॉडेल शोधून पाहिलं. डाख! मी काही न बोलता खोडरबर त्यांच्यापुढे ठेवला.

"अहो, टोमणे पुरे," आतून आवाज आला, "पानं घेतलीत."